ठिपकीचं पुस्तक कितवं

"वीसपैकी वीस." आत्याने लाल पेनाने शेवटची खूण केली आणि कागद टेबलावरून पलीकडे सरकवला. "तेही अकरा मिनिटांत. बघ धाकट्या, उगाच घाबरत होतास."

धाकट्याने, म्हणजे तिच्या चाळिशीतल्या भावाने, कागद उचलला. आत्याने आठवड्यापूर्वी आणून दिलेल्या व्याकरणाच्या चौथ्या पुस्तकात सुरुवातीलाच एक प्रवेशचाचणी होती. त्या चाचणीची ही उत्तरे. सर्वनाम, विभक्ती, प्रयोग, सगळे जागच्या जागी. अक्षर गोल, कुठे खाडाखोड नाही. समोर त्याची दहा वर्षांची मुलगी हात मांड्यांखाली दाबून खुर्चीच्या कडेवर बसली होती. हनुवटीवरच्या तिळामुळे घरात तिला ठिपकी म्हणत. वीसपैकी वीस मिळालेले मूल जसे बघेल तसे ती बघत नव्हती. ती बापाचा चेहरा न्याहाळत होती, आणि त्याने मान वर करताच ती टेबलक्लॉथच्या कडेचे टाके मोजू लागली.

"छान," तो म्हणाला. एवढेच.

"नुसतं छान काय? आता हेच पुस्तक सुरू करायचं. दहा वर्षं म्हणजे चौथं, सरळ हिशेब आहे." आत्या शाळेत सव्वीस वर्षे शिकवत होती आणि तिचे बहुतेक हिशेब सरळ असत. "तपासनीस येईल तेव्हा टेबलावर चौथं दिसलं पाहिजे. ते लोक आधी पुस्तकाचं कव्हर बघतात, मग मुलाचं तोंड. खालचं पुस्तक दिसलं की शेरा मारतात आणि मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात पाठवून मोकळे होतात. मी पाहिलेत असे शेरे."

ठिपकीने टाके मोजणे थांबवले नाही.

तिला शाळेतून काढून तीन महिने झाले होते. ती बोलताना अडखळे. हजेरीला 'हजर' हा शब्द तिच्या ओठांशी येऊन थांबे, आणि वर्गाला त्यात एक खेळ सापडला होता. तिचे नाव पुकारले की मागचे बाक हळू आवाजात आकडे मोजायला लागत, आज किती सेकंद लागतात ते बघायला. एकदा एकोणीस लागले. त्यानंतर ठिपकी शाळेत बोलेनाशी झाली, आणि पुढे घरीही. दोन महिने घरात तिचा आवाज नव्हता. मग तिच्या आईने शिक्षण कार्यालयात जाऊन घरी शिकवण्याची परवानगी काढली, तेव्हा कुठे ती पुन्हा थोडे थोडे बोलू लागली. अट एकच होती. वर्ष संपायच्या आत तपासनीस घरी येणार, मुलगी योग्य पातळीवर शिकते आहे की नाही ते बघणार, आणि नसेल तर ती पुन्हा शाळेत, तेही ते म्हणतील त्या वर्गात.

आई इस्पितळात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका होती, पहाटे निघायची. बाप दुपारी कामावर जाई. म्हणून सकाळची शाळा त्याच्याकडे आली. गणित त्याला जमे. भूगोल दोघे मिळून वाचत. व्याकरणाचे पुस्तक मात्र तो गरम तव्यासारखे लांबून धरी. नववीत शाळा सुटली तेव्हा त्याला सगळ्यात जास्त सुटल्यासारखे वाटले होते ते याच विषयातून.

तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढत असे. सुरुवातीला मागच्या खोलीत भिंगे घासायचा, मग मालकाने हाताखाली घेऊन शिकवले, परीक्षा द्यायला लावली आणि पुढच्या खोलीत आणले. आता बाजारपेठेत त्याला सगळे नंबरवालाच म्हणत. चौदा वर्षांत त्याने हजारो माणसे त्या अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलेली पाहिली होती, आणि त्यांतली कितीतरी लबाडी करताना. गाडीचा परवाना हवा असलेले, नोकरीत डोळ्यांची तपासणी असलेले, आणि आपल्याला चष्मा लागला हे मान्यच नसलेले. बाहेर बसल्या बसल्या उघड्या दारातून तक्ता पाठ करून यायचे आणि शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवायचे. तो त्यांना लगेच ओळखी. खरे वाचणारा माणूस अवघड अक्षराशी क्षणभर थांबतो. पाठ केलेला कुठेच थांबत नाही.

ठिपकी अकरा मिनिटांत कुठेच थांबली नव्हती.

संध्याकाळी त्याने हे बायकोला सांगितले. ती पाय गरम पाण्यात बुडवून बसली होती, दिवसभर उभी होती.

"शेवटच्या पानावर उत्तरं आहेत, मी बघितली," तो म्हणाला. "तिनं पाठ केलीत. आता काय विचारू तिला? खोटं का केलंस म्हणून?"

"असं विचारलंत तर पुन्हा तोंड मिटेल ती."

"मग?"

"आमच्याकडे पेशंट गोळ्या उशीखाली लपवतात. आम्ही कधी विचारत नाही, का लपवल्या. गोळी घेतल्यावर काय त्रास होतो, ते विचारतो." तिने पाय बाहेर काढून टॉवेलवर ठेवले. "आणि अहो, तुमच्या ताईंना एवढ्यात काही बोलू नका. त्या आधीच खूश आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वहीत एक वाक्य लिहिले. चाचणीत 'मुलीने पत्र लिहिले' असे होते आणि त्याचे उत्तर कर्मणी प्रयोग होते. त्याने लिहिले, 'मुलगी पत्र लिहिते.'

"हा कुठला प्रयोग?"

ठिपकीने वाक्याकडे पाहिले, त्यातल्या पत्राकडे पाहिले. "क... कर्मणी."

तो 'चूक' म्हणणार होता, आणि त्याच्या लक्षात आले की ते चूक आहे की बरोबर हे त्यालाच ठाऊक नाही. त्याने प्रकरण उघडले. एकदा वाचले, दोनदा वाचले. कर्ता, कर्म, लिंग, वचन, अनुसार. एकेक शब्द कळत होता, वाक्य कळत नव्हते.

"जरा थांब हं," तो म्हणाला, आणि त्या दिवशी दोघांनी गणित केले.

पुस्तक पिशवीत घालून तो दुकानात गेला. चारच्या सुमारास मुद्रितशोधक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या होत्या, आयुष्यभर छापखान्यात बसून दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या, आणि अजून घरी मजकूर मागवून तपासायच्या. वाचताना डोके दुखते अशी तक्रार होती. नंबरवाल्याने त्यांच्या नाकावर चाचणीची जाड फ्रेम चढवली आणि भिंगे घालता घालता विचारले,

"बाई, तुम्हाला एक विचारू? कर्मणी म्हणजे नक्की काय हो?"

दोन गोल काचांच्या मागून बाईंचे डोळे आणखीच मोठे झाले. "डोळे तपासताय की मला?"

त्याने सगळे सांगितले. ठिपकीचे, चाचणीचे, तपासनिसाचे, स्वतःच्या नववीचे. बाई जाड फ्रेम तशीच ठेवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"क्रियापद कोणाचं ऐकतं ते बघायचं, बस. मुलगी लिहिते, मुलगा लिहितो. लिहिणारा बदलला की शब्द बदलला. तिथं क्रियापद कर्त्याचं ऐकतं, म्हणून कर्तरी. आता, मुलीने पत्र लिहिले, मुलीने चिठ्ठी लिहिली. मुलगी तीच. बदललं काय?"

"पत्राची चिठ्ठी झाली."

"आणि क्रियापदानं कोणाचं ऐकलं?"

"चिठ्ठीचं." तो भिंग हातात धरून थांबला. "एवढंच आहे?"

"एवढंच. कोणी नीट सांगितलं नाही तुम्हाला."

पंचवीस वर्षे तो ज्याला घाबरला ते एका ओळीत मावत होते. त्याला थोडे हसू आले आणि थोडा रागही आला, कोणाचा ते कळले नाही.

"मग तिला कितवं पुस्तक देऊ? ताई म्हणते, वयाप्रमाणे चौथं."

"तुम्ही माझा नंबर माझ्या वयावरून काढता का?"

"नाही. भिंगं लावून बघतो."

"मग मला कशाला विचारताय? लावून बघा. खालची पुस्तकंही आणा. ज्या पानावर ती दोन-तीनदा अडते आणि तरी पुढे जाते, ते तिचं पुस्तक. कुठंच अडली नाही तर फार सोपं, आणि गप्प झाली तर फार अवघड." बाईंनी तक्त्याकडे बोट केले. "आता माझं बघा. ही चौथी ओळ धूसर आहे."

वाचनालयातून त्याने पहिले, दुसरे आणि तिसरे पुस्तक आणले. सकाळी तिन्ही टेबलावर मांडली, दोन कोरे कागद घेतले आणि एक स्वतःपुढे ठेवला.

"हे कोणासाठी?" ठिपकीने विचारले.

"माझ्यासाठी. मला कितवं पुस्तक लागतं ते बघायचंय. दुसऱ्या पुस्तकाची चाचणी देतो. तपासायची तू. उत्तरं मागे आहेत."

'उत्तरं मागे आहेत' हे त्याने अगदी सहज म्हटले. ठिपकीचे कान लाल झाले.

त्याने खरोखरच मन लावून चाचणी सोडवली. विशेषणापाशी अडला, शब्दयोगी अव्ययापाशी तर पेन्सिल चावत बसला. ठिपकी समोरून बघत होती. बाप अडतो, खोडतो, पुन्हा लिहितो, हे तिने कधी पाहिले नव्हते. पाऊण तासाने त्याने कागद तिच्याकडे दिला. तिने एकेक ओळीवर बोट ठेवून तपासला.

"बाबा, नऊ."

"वीसपैकी?"

"हो. 'हळूहळू' हे नाम नाहीये."

"मला वाटलं, कोणाचं तरी नाव असेल."

ठिपकी हसली. तिला मोठ्याने हसताना अडखळायला होत नसे. हसून झाल्यावर तिने त्याच्या कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"दहाच्या खाली म्हणजे आ... आधीचं पुस्तक," ती म्हणाली. "पुस्तकात लिहिलंय. तुम्हाला पहिलं."

"चालेल की."

"लाज नाही वाटणार?"

"थोडी वाटेल. पहिल्यांदा चष्मा लागलेल्या माणसालाही वाटते. मग नीट दिसायला लागलं की विसरतो."

तिने घडी पुन्हा उलगडली. तो थांबला. ठिपकीशी बोलताना थांबणे हेच मुख्य काम होते, आणि ते त्याला चांगले जमे.

"आत्या आईला सांगत होती," ती शेवटी म्हणाली. एकेक शब्द वाटेत थांबत, पण आला. "चौथं नसलं तर म... मागच्या वर्गात घालतील. मग मी उत्तरं पाठ केली. सात दिवस लागले. मला ती येत नाहीत, बाबा. नुसती पाठ आहेत."

"सात दिवसांत वीस उत्तरं," तो म्हणाला. "मेहनत बाकी भरपूर केलीस. चुकीच्या जागी झाली, एवढंच."

मग तिने दुसऱ्या पुस्तकाची चाचणी दिली, शेवटचे पान टाचणीने बंद करून. तेरा आले. दहा ते पंधरा म्हणजे हेच पुस्तक, असे तिथे छापलेले होते. तिने दुसरे घेतले, त्याने पहिले.

आत्या रविवारी आली आणि तिला टेबलावर दुसरे पुस्तक दिसले. तिने ते उचलून उलटसुलट बघितले, जणू कोणी चुकून सोडून गेले असावे.

"हे सात-आठ वर्षांच्या मुलांचं आहे."

"ठिपकीचं आहे, ताई," तो म्हणाला.

"वीसपैकी वीस मिळवलेत तिनं."

"पाठ करून. तिनं स्वतः सांगितलं."

"मग आपण करून घेऊ की चौथं. मी येते रोज. आठ महिन्यांत घासूनपुसून तयार करते. तू तिला खाली का ढकलतोस? जग तिला आधीच खालचं समजतं, आणि तू बाप असून..." तिचा आवाज चिरकला. तिला भाचीचा लळा होता, आणि तो शाळेतल्या बाईंच्या आवाजातूनच बाहेर पडायचा. "तपासनिसानं शेरा मारला की रडत बसशील."

"मारू दे. जास्तीचा नंबर दिला तर माणसाला दोन दिवस सगळं मोठं दिसतं, ताई. तिसऱ्या दिवशी चष्मा काढून ठेवतो आणि परत दुकानात येत नाही."

"ही तुझी मुलगी आहे, गिऱ्हाईक नाही."

आत्या चहा न घेता गेली आणि पाच आठवडे आली नाही. ते पाच आठवडे त्याला रोज एकदा तरी वाटे की तिचेच खरे असेल. सव्वीस वर्षे तिने पोरे शिकवली, आणि आपण कोण, तर काचा घासणारे. असे वाटे तेव्हा तो ठिपकीची वही उघडून बघे. वहीत चुका होत्या, आणि चुकांच्या पुढे आणखी वाक्ये होती. ती अडत होती आणि पुढे जात होती.

स्वतःचे पुस्तक तो दुकानात नेई. तिसऱ्या महिन्यात त्याने ठिपकीला गाठले. मग दोघांची शर्यत लागली. ठिपकी घरभर क्रियापदे पकडत फिरे, कोण कोणाचे ऐकते ते बघत. "आईने पाय बुडवले. आईने टॉवेल घेतला. आई, क्रियापद तुला म... मोजतच नाही. ते पायांचं ऐकतं, टॉवेलचं ऐकतं."

"घरात माझं कोणीच ऐकत नाही, त्यात नवीन काय," आई म्हणे.

एका गोष्टीकडे मात्र आईचेच लक्ष आधी गेले. वाक्याचे तुकडे करायला बसली की ठिपकी कमी अडखळे. अडखळणे पूर्ण थांबत नसे, पण शब्द पुढे कुठे जाणार हे ठाऊक असल्यासारखी ती त्याच्यापाशी थांबे आणि त्याला घेऊन येई.

सहाव्या महिन्यात दुसरे पुस्तक संपले. तिसऱ्या पुस्तकाच्या चाचणीत तिला चौदा आले, त्याला बारा.

तपासनीस आला त्या दिवशी आत्या सकाळीच आली. तिने टेबल पुसले, वह्या नीट लावल्या. तिसरे पुस्तक तिच्या हातात क्षणभर राहिले. चौथे तिने आपल्या पिशवीत आणले होते. पिशवीचे तोंड उघडे होते, त्याला ते दिसले. मग तिने तिसरेच मधोमध ठेवले.

तपासनीस मध्यमवयीन, सौम्य, घाईतला माणूस होता. खरोखरच त्याने आधी कव्हर पाहिले.

"वय दहा?"

"पावणेअकरा," आई म्हणाली. तिने त्या दिवशी सुट्टी घेतली होती.

"आणि पुस्तक तिसरं." त्याने तपासणीच्या अर्जावर काहीतरी लिहिले. "एक वर्ष मागे आहे. बरं, बाळ, हे तिसरं पुस्तक कधी सुरू केलंस?"

"द... दो..."

"दोन महिने झाले?"

"द..."

"दोन वर्षं?"

"साहेब," नंबरवाला म्हणाला, "तिला पुरं करू द्या. वेळ लागेल, पण वाक्य येईल."

तपासनिसाने पेन खाली ठेवले. आत्याचे ओठ हलत होते, तिला ते वाक्य भाचीच्या तोंडात ठेवायचे होते. तिने ओठ दाताखाली धरले.

"दोन महिन्यांपूर्वी," ठिपकी म्हणाली. "त्याआधी दुसरं होतं. मी आधी चौथ्याची उत्तरं पाठ केली होती. वीसपैकी वीस. पण ती मला येत नव्हती. आता जेवढं येतं त्याचं पु... पुस्तक हे आहे."

तपासनिसाने तिच्याकडे नीट पाहिले. मग आपल्या कागदावर एक वाक्य लिहून तो तिच्यापुढे केला. 'त्या उंच झाडावरून एक पान हळूच खाली पडले आणि पिवळे दिसू लागले' असे आधी लिहून त्याने ते खोडले आणि सोपे केले: 'त्या उंच झाडावरून पिवळे पान हळूच खाली पडले.'

"यात विशेषणं कोणती?"

ठिपकीने पेन्सिल घेतली. 'उंच' खाली रेघ मारली. 'पिवळे' खाली मारली. 'हळूच' पाशी थांबली, ते सोडले. मग ती पुन्हा वाक्याच्या सुरुवातीला गेली आणि तिथे बराच वेळ थांबली.

"तीन," ती म्हणाली.

"तीन? मी दोन धरली होती."

"त... 'त्या' पण. कुठलं झाड, ते सांगतो तो शब्द. एकटा असता तर स... सर्वनाम झाला असता. पण झाडाला चिकटलाय, म्हणून विशेषण."

तपासनिसाने कागद आपल्याकडे वळवला. वाक्य मनात म्हणून पाहिले. "हो की," तो म्हणाला, आणि हसला. "बरोबर आहे. घाईत माझंच सुटलं."

त्यानंतर त्याने घाई केली नाही. वह्या सुरुवातीपासून चाळल्या, चुकांची पानेसुद्धा. ठिपकीला एक उतारा लिहायला सांगितला आणि ती लिहीत असताना आत्याशी तिच्या शाळेबद्दल बोलत चहा घेतला. जाण्यापूर्वी त्याने अर्ज भरायला घेतला. पातळीच्या रकान्यात 'योग्य' असे लिहिले. 'एक वर्ष मागे' हे आधीचे शब्द छाटले आणि पुढे आपली छोटी सही केली, खाडाखोड कोणाची ते कळावे म्हणून. आईने एकदाच डोळे मिटून घेतले.

"आता शिक्षकाचं नाव." तपासनीस आत्याकडे वळला. "बाई, तुमचंच घालू ना? सव्वीस वर्षांचा अनुभव आहे म्हणालात, ते दिसलं बरं का कामात. कार्यालयातही प्रश्न येणार नाही."

आत्या ताठ बसली. सव्वीस वर्षांत तिच्या कामाला कोणी घरी येऊन चांगले म्हटले नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "मी हिला चौथं पुस्तक दिलं होतं. शिकवलं यानं."

तपासनिसाने नंबरवाल्याकडे पाहिले. "शिक्षण?"

"नववी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "व्याकरण, तिसरं पुस्तक. अर्धं झालंय."

तपासनिसाने जसे सांगितले तसे लिहिले आणि अर्ज त्याच्यापुढे फिरवला. आत्याने चहाचे कप बाजूला करून त्याच्या कोपरासाठी जागा केली. त्याने सदऱ्याला हात पुसले, पेन घेतले आणि 'शिक्षक' या शब्दासमोरच्या रेघेवर सावकाश, अक्षर न् अक्षर सुटे काढून, आपले पूर्ण नाव लिहिले.

ठिपकी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. शाई वाळेपर्यंत कोणीच तो कागद उचलला नाही.